गाठोबाची खुर्ची

मावशींनी थिएटरात बावीस वर्षं काढली, पण एक सिनेमा धड पाहिला नाही. त्यांनी पाहिलं ते सिनेमा संपून लोक उठले की मागे उरतं ते. सकाळी सहाला सगळे दिवे लावायचे आणि बादली, झाडू, बोथट सुरी घेऊन शेवटच्या रांगेपासून खाली उतरत यायचं. सुरी च्युइंगगम खरवडायला. माणूस अंधारात बसला की काय काय करतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. खुर्चीखाली ओकारी, कपाच्या तळाशी थुंकी, एकदा तर बाळाचा भरलेला लंगोट, तोही नीट घडी घालून, जणू कुणी परत न्यायला येणार होतं. आणि हे सगळं इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांचं!

रविवार सगळ्यांत वाईट, कारण आदल्या रात्रीचा शेवटचा शो. त्यातही शेवटच्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची. तिथे बसणाऱ्याला मावशींनी गाठोबा असं नाव ठेवलं होतं. हा इसम खारे दाणे खायचा, सालं आणि चोथा पाकिटातच थुंकायचा, पाकिटाला पीळ देऊन गाठ मारायचा आणि ती ओली गाठ खुर्चीच्या फटीत कोंबायचा. सहा वर्षं मावशी ती उकरून काढत होत्या आणि दर रविवारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. तोंड कधी पाहिलं नव्हतं. पाहायची हौसही नव्हती.

अशात त्यांच्या पंधरा वर्षांच्या नातीने हट्ट धरला, की दोन मैत्रिणींबरोबर शनिवारच्या शेवटच्या शोला जायचं. तिला हवा असलेला सिनेमा दिवसा लागतच नव्हता. घरात आठवडाभर रडारड, दारं आपटणं. शेवटी लेकीचा फोन आला.

"आई, तूच काय ते सांग बाई. तू तिथली. तू नाही म्हणालीस तर गप्प बसेल ती."

मावशींचं 'नाही' तयारच होतं. त्या घाणीत पोरीला बसवायचं? बुधवारी संध्याकाळी ते सांगायला त्या लेकीकडे गेल्या. जावई सोफ्यावर बसून भाषण देत होते.

"आई, सांगा हिला, शेवटच्या शोला कोण जातं ते. उनाड नि टवाळ! चांगल्या घरची माणसं त्या वेळी घरी असतात."

"बाबा, तुम्ही कधी गेलाच नाहीत, तर तुम्हाला काय माहीत?" नात म्हणाली.

"मला वेळ आहे का? शनिवारी रात्रपाळी कोण करतं, तुझा आजोबा?"

"ते बिचारे वर गेलेत, त्यांना कशाला कामाला लावताय?" लेक स्वयंपाकघरातून ओरडली.

जावयांनी एक कडू दाणा हातातल्या खाऱ्या दाण्यांच्या पाकिटात थुंकला. मग साल थुंकली. पाकीट संपलं तसा त्याला पीळ दिला, गाठ मारली, दातांनी आवळली आणि सोफ्याच्या फटीत कोंबली.

मावशींना किळस आली. सहा वर्षं त्यांनी बोटं घातली ती थुंकी घरचीच होती! याच माणसाच्या हाती त्यांनी पोटची पोर दिली होती. आणि ज्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यांत आपली नातही आली की!

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमची रात्रपाळी कितव्या रांगेत असते हो?"

"म्हणजे?"

"शेवटच्या ना? भिंतीकडे? काढा ती गाठ बाहेर. हातानेच काढा, मी काढते तशी."

जावयांचा चेहरा पडला. लेक हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली. "अहो, आई काय म्हणतेय?"

"आठवड्यातून एकदा जरा डोकं शांत..."

"सहा वर्षं मी डबा भरून देतेय!"

"डोकं खुशाल शांत करा," मावशी म्हणाल्या, "पण ते माझ्या खुर्चीत थुंकून? आणि वर पोरीला शहाणपणा शिकवता?"

नात जवळ सरकली. "आजी, मग मी जाऊ?"

शेवटच्या शोबद्दल मावशींचं मत तसूभरही बदललं नव्हतं. पण 'नाही' म्हणायचं तर या माणसाच्या बाजूने बोलायचं, आणि तेवढं त्यांच्याने होईना.

"जा. या शनिवारी, बापाबरोबर. तुम्ही तिघी पुढे बसा, हे बसतील त्यांच्या जागेवर. सुटल्यावर एकेकीला घराच्या दारापर्यंत पोचवतील."

"आणि बाबा नाही म्हणाले तर?"

"त्यांचं आता कोण ऐकतंय?" लेक म्हणाली.

रविवारी मावशी नेहमीची रीत मोडून आधी पुढच्या रांगेत गेल्या. तीन खोके एकात एक घातलेले, खाली चार-दोन लाह्या. झाडूचा एक फटकारा, संपलं. मग त्या धापा टाकत शेवटच्या रांगेपर्यंत चढल्या. भिंतीकडच्या खुर्चीच्या फटीत दोनदा बोट घातलं. काही नव्हतं. त्यांना क्षणभर बरं वाटलं.

निघताना त्यांनी दाराजवळचा कचऱ्याचा डबा उचलला. सगळ्यांत वर पीळ दिलेलं, गाठ मारलेलं पाकीट होतं.

तो डबा पहिल्या दिवसापासून तिथेच होता. त्या खुर्चीपासून सहा पावलांवर. मावशींना पुन्हा किळस आली, आणि या वेळी बुधवारपेक्षा जास्त.