नानांनी फोडलेले नोझल

"बठ्ठं जमस, पण पहिले मोजू द्या," असे अहिराणीत म्हणून, सगळे जमेल असा धीर देत नाना मिस्त्री आलेल्या प्रत्येकाला स्टुलावर बसवत. बसलेला माणूस तासभर तरी उठत नसे.

जळगावात माझे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि शेजारच्या गाळ्यात नाना इंजिनात डिझेल फवारणारे पंप-नोझल दुरुस्त करत. बोदवडपासून ट्रॅक्टरवाले येत. कोणी घाई केली की म्हणत, "मग बैल जुंपा." तुमच्याही ओळखीत असा एखादा मिस्त्री असेल. काम चोख, वेळ विचारायची नाही.

नव्वदच्या सुमारास धुळ्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी आपली जुनी, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार ट्रकवर घालून आणली. त्यांना सगळे आबा म्हणत. कार्बोरेटर झिजल्याने गाडी दहा पावलांवर बंद पडे. धुळ्यातले मेकॅनिक म्हणत, जीपचे इंजिन बसवा. आबांना तेच इंजिन जिवंत हवे होते. पुतण्याने परदेशातून कार्बोरेटरऐवजी बसवायचे, नव्या गाडीचे फ्युएल इंजेक्शनचे सामान पाठवले होते. चार नोझल, पंप आणि तारांचे भेंडोळे.

"हे माझ्या इंजिनाला चालेल का?"

नाना पंधरा दिवस मोजत बसले. टाकीत गंज होता, तो नोझलमध्ये अडकणार. उरलेले पेट्रोल परत न्यायला दुसरी नळी टाकावी लागणार. अडचणी मला सांगत, पण डोळे चमकत. पेट्रोलचे नोझल त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात धरले होते.

तिथेच घोटाळा झाला. सवयीने त्यांनी एक नोझल ट्रॅक्टरचे तपासायच्या हातपंपाला लावले आणि दांडा दाबला. ट्रॅक्टरच्या नोझलला दोनशेचे प्रेशर लागते, याला तीन पुरते. फट्! नोझल गेले. तसले दुसरे इथे मिळणार नव्हते.

मी व्यवहारी बाई. म्हटले, "नाना, मुळातच खराब होतं म्हणून सांगा."

"मग आबा दुसरं मागवतील, ताई, अन् दुसरा मिस्त्री तेबी फोडेल."

मला धुळ्याहून माल आणायचा होताच. आम्ही एसटीने गेलो. नानांनी रुमालातले नोझल आबांच्या टेबलावर ठेवले. "आबा, हाई मन्ही चूक शे. डिझेलचा हात पेट्रोलवर चालवला."

आबांचा चेहरा उतरला. "म्हणजे गाडी गेली?"

"सामान गेलं. ते बसवलं असतं तरी महिन्यात गंजानं बंद पडलं असतं. तुमचेच कार्बोरेटर ठीक करतो. त्यांच्या झिजलेल्या दांड्याभोवती नव्या बुशच्या कड्या घातल्या की फटीतून हवा खाणार नाहीत."

"हे पंधरा दिवसांपूर्वी नाही सुचलं?"

"सुचलं होतं. पण नवं खेळणं दिसलं ना, आबा."

आबा रागावणार होते, पण हसले.

नानांनी लेथवर पितळी बुश बनवले. गाडी आपल्याच इंजिनावर धुळ्याला गेली.

काही वर्षांनी नाना आजारी पडून शिंदखेड्याला आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले. बातमी कळल्यावर आबा स्वतः गाडी चालवत जळगावला आले. नानांच्या बंद शटरसमोर थांबले. उतरले नाहीत, इंजिनही बंद केले नाही.

"आबा, पेट्रोल जळतंय," मी म्हटले.

"जळू द्या. ठोका चुकतोय का, ऐकतोय."

मीही कान दिला. चुकत नव्हता.