फळीवरचा कांदा

आमचं शेवटचं भांडण एका कांद्यावरून झालं. भरदुपारी आम्ही नवरा-बायको बराखीत बसून कांदा निवडत होतो. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट खोली, बाजूनं जाळी आणि वर पत्रा. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी नासका काढावाच लागतो, नाहीतर एक कांदा दहा घेऊन जातो. तिनं मुठीएवढा एक कांदा नासक्यात टाकला. मी उचलून चांगल्यात टाकला. तिनं परत नासक्यात. असं तीनदा झालं तेव्हा मी म्हणालो, "पन्नास वर्षं झाली, तुला अजून कांदा कळंना."

"कांदा कळतो. तुमी तेवढं कळत न्हाई," ती म्हणाली. मग तो कांदा तिनं दाराजवळच्या फळीवर ठेवला. "आठ दिवसांनी बघू कोण खरं. हरंल त्यानं महिनाभर चहा करायचा."

मी जन्मात चहा केलेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? हसतच ती चहा ठेवायला घरात गेली. ओट्यापाशी खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

तिला पोचवून आलो आणि बराखीला कुलूप घातलं. किल्ली करदोड्याला बांधली. दहावा झाला, तेरावा झाला, सव्वा महिना होत आला, कुलूप तसंच. आत कांदा नासायला लागला. वास आधी ओसरीवर आला, मग घरात आला, मग शेजारच्या जेवणात गेला. मुलगा चाकणला कंपनीत, तो सुट्टीला आला की किल्ली मागायचा. मी द्यायचो नाही. शेवटी तो म्हणाला, "आबा, पुढच्या रविवारी येतो ते कटर घेऊनच. कुलूप कापतो आन सगळं उकिरड्यावर टाकतो."

मग सूनबाई आणि घरोघरी औषधपाण्याची चौकशी करणारी गावची आशाताई, दोघींनी मिळून मला धरलं. म्हणाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी एक ताई बसते. गोळी देत नाही, सुई टोचत नाही, फक्त माणसाशी बोलते. बायांशी बोलते तशी बाप्यांशीही बोलते. मी म्हणालो, मला काय वाचा गेलीय? पण रविवार जवळ येत होता. म्हटलं, जाऊन येऊ.

आता आमच्याकडं नाजूक कामाला कुणी एकटं जात नाही. सोयरीक असो, बांधाची मोजणी असो, चार जाणती माणसं संगं लागतात. एकटा गेलेला माणूस बोलण्यात अडकतो. म्हणून मी चौघं गोळा केले. एक चुलतभाऊ, ज्यानं निम्म्या गावाची लग्नं जमवली. एक मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, खोडदहून मुद्दाम आला. एक शेजारचा बहिरा. आणि चौथा जीपमध्ये जागा होती म्हणून बसला. सगळे कडक धोतरात, टोप्या घालून. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून पिशवीभर काकड्या घेतल्या.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. चौथ्यानं बाहेरचं बाकडं ओढून आत आणलं. ताई माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, बाकीचे जरा बाहेर बसाल का? चुलतभाऊ म्हणाला, बैठकीत लपवायचं काय असतं? तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बसू दे.

"बाबा, कसं वाटतंय?" तिनं मला विचारलं.

"बरं वाटतंय त्याला," चुलतभाऊ म्हणाला. मग त्यानं माझी माहिती द्यायला सुरुवात केली. माणूस सरळ आहे, तोंडानं फटकळ, पण व्यसन नाही, पाणी बारमाही. मला वाटलं, आता हा माझी पत्रिका काढतो की काय.

ताईनं त्याला थांबवून मला विचारलं, रडू येतं का? चुलतभावानं बाकड्यावरच्या तिघांकडं बघितलं, दोन मुंड्या हलल्या, आणि तो म्हणाला, "तशी आमच्यात पद्धत न्हाई. पण तुमच्या इलाजात बसत असंल तर बसवू."

ताईनं पेन खाली ठेवला आणि ओढणी तोंडाला लावली. तेवढ्यात बहिऱ्यानं टेबलावरच्या डब्यातला मऊ कागद ओढला, चष्मा पुसायला. एक ओढला की दुसरा आपोआप वर येतो हे बघून त्यानं चार ओढले. चष्मा पुसता पुसता तो हमसून रडायला लागला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत आम्ही रोज पारावर शेजारी बसलो, आणि मी त्याला पावसापाण्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

"ह्याचा तर नंबर पण न्हाई," चुलतभाऊ म्हणाला, पण एक कागद त्यानंही ओढला.

तेव्हा मेव्हणा वळला. "दाजी, किल्ली का देत न्हाई तुमी? काय हाये आत?"

तिच्या भावानं विचारलं, मग मला लपवता येईना. कांद्याचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, "दार उघडलं की कळंल कोण खरं. म्हंजी भांडण मिटलं. आन ते मिटलं तर तिच्यासंगं बोलायला मला उरलं काय?"

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. मग ताई म्हणाली, "बाबा, आत्ता त्या इथं असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?"

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. "म्हणली असती, म्हातारा चहा करावा लागंल म्हणून कुलूप लावून बसलाय."

मेव्हणा फसकन हसला. नाकातून, अगदी तिच्यासारखा. ते ऐकून मी जो सुटलो तो थांबेना. चुलतभाऊ हसला, चौथा हसला, बहिरा रडता रडता हसला, ताईनं खुर्चीचे हात धरले. माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, हसण्याच्या किती आणि दुसऱ्या किती, कुणास ठाऊक. पुढच्या नंबरचा माणूस दार ढकलून आत डोकावला. म्हणाला, "राव, हितं काय देत्यात? मला बी तेच द्या."

ताईनं पुढचा गुरुवार दिला, आणि बहिऱ्याला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर. मला म्हणाली, घाई नाही, जमेल तेव्हा उघडा, पण एकट्यानं उघडू नका. काकड्या ठेवून घेतल्या.

जीपमध्ये पिंपरी पेंढारचा फाटा येईपर्यंत एकच वाद, कांदा नासलाय की नाही. मेव्हणा बहिणीच्या बाजूनं. चुलतभाऊ माझ्या, केवळ भाऊबंदकीपायी. बहिऱ्याला वाद समजावून सांगताना ड्रायव्हरचाही घसा बसला. मेव्हणा निकाल लागेपर्यंत खोडदला जायला तयार होईना, मुक्कामालाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आत तिघं दारात, मेव्हणा तर घरातच. मी किल्ली सोडली. कुलूप गंजलं होतं, चौथ्यानं दगड मारून सैल केलं. दार उघडताच असा भपकारा आला की चुलतभाऊ अंगणापर्यंत मागं गेला. फळीवर कांदा होता. वरून लालबुंद, टणटणीत. मी म्हणालो, बघा. उचलायला गेलो आणि अंगठा पेरापर्यंत आत गेला. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

मेव्हण्यानं मांडीवर थाप मारली. मी फळीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "तुझं खरं." पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

हात धुतले. स्वयंपाकघरात गेलो, सूनबाईला बाजूला व्हायला सांगितलं आणि पातेलं चढवलं. साखरेचा डबा सापडेपर्यंत निम्मा चहा उतू गेला. उरलेला सगळ्यांना पुरेना. म्हणून दुसऱ्यांदा ठेवला, आणि ती बसली होती त्या जागी उभा राहून उकळी येईपर्यंत हललो नाही.