कॅमेरा बंद ठेवणाऱ्या ताई

मी नाशिक रोडच्या घरातून शास्त्रीय गाणं ऑनलाइन शिकवतो. वर्गात सातपूरच्या एक ताई होत्या. स्क्रीनवर त्यांच्या भावाचं नाव दिसायचं आणि कॅमेरा कायम बंद असायचा. मागे कारखान्याचा भोंगा वाजला की त्या थांबायच्या, तो संपला की अचूक त्याच सुरावर यायच्या. विलंबित ख्यालात बाकीच्यांचा दम तुटायचा, त्यांचा पुरून उरायचा.

एकदा मी म्हणालो, "ताई, कॅमेरा सुरू करा. तुम्ही कशा बसता ते सगळ्यांना बघू द्या."

मग चित्र आलं. त्या पलंगावर उताण्या पडलेल्या होत्या.

"पाठीमुळे मला बसता येत नाही, सर. आधीच्या क्लासात म्हणाले, मांडी घालता येत नसेल तर ख्याल विसरा. म्हणून दाखवलं नाही."

दर तासाला मी 'ताठ बसा' म्हणायचो आणि त्या 'हो सर' म्हणायच्या. मला माझीच लाज वाटली.

"मग आज तुम्ही शिकवा," मी म्हणालो.

त्या संकोचून हसल्या. "सगळे आडवे व्हा. पोटावर हात ठेवा."

स्क्रीनवरची डोकी एकेक करून खाली गेली. मीही सतरंजीवर आडवा झालो आणि त्या सांगतील तसा श्वास घेऊ लागलो.