पट्टा लावलेला नारळ

सकाळी पडदा सारला तर गाडीच्या टपावर, काचेवर, बॉनेटवर पिवळा सडा पडलेला. शेजाऱ्याच्या कोफाईच्या झाडाचा. इथे पामर्स्टन नॉर्थला ऋतू उलटे; वसंतात ही झाडं पानं विसरून नुसती पिवळी होऊन उभी राहतात, आणि नेमका त्याच सुमारास आपला दसरा येतो. या दिवसांत झेंडू कुठला मिळायला? म्हणून माझी बायको हीच फुलं पदरात गोळा करायची आणि गाडीला वाहायची. ती गेली या हिवाळ्यात, म्हणजे तुमच्या तिकडच्या आषाढात. मुलगी म्हणाली, बाबा, वर्ष व्हायचंय, सण करायचा नाही. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण गाडीही आज, ऐन दसऱ्याला, जाणार होती. गाडीच्या कंपनीनं या देशातला गाशा गुंडाळून काही वर्षं झाली, एसीचा एक सुटा भाग महिनोन्‌महिने मिळत नव्हता, आणि मुलीच्या इस्पितळातल्या वॉर्डात काम करणाऱ्या एका सामोअन बाईचा भाऊ जुन्या गाड्या खोलून दुरुस्त करतो, म्हणून ती बाई घ्यायला तयार झाली. मुलीचं काही चुकलं नव्हतं. मी किल्ली खिशात घातली आणि खिडकीशी बसून राहिलो. लांब डोंगरावर पांढऱ्या पवनचक्क्या फिरत होत्या, झोपेत कूस बदलावी तशा सावकाश.

ही गाडी ज्या अमेरिकन कंपनीची, तिच्याच पुण्याजवळच्या कारखान्यात मी दारं बसवायचो. मी सातवी शिकलेला माणूस, कंपनीचा इतिहास पुस्तकात वाचलेला नाही, भिंतीवर पाहिलेला आहे. कँटीनकडे जाणाऱ्या बोळात फोटो लावले होते. सगळ्यांत आधी कडक कॉलरचा, मिशाळ म्हातारा, घोडागाड्या बनवता बनवता मोटारीकडे वळलेला. त्याच्या पुढे एकेक अध्यक्ष, टोप्या गेल्या, मिशा गेल्या, कोट बदलले, शेवटी रंगीत फोटो आणि सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. भाजीचा वास अंगावर घेत ती माणसं तिथे शांत लटकलेली असायची. जेवून परतताना पेंगुळलेल्या डोळ्यांना वाटायचं, एकच माणूस आहे आणि तोच चालत चालत तरुण होत आपल्याकडे येतोय. नवा अध्यक्ष आला की नवी पाटी यायची, जुनी पाटी भंगारात. आम्ही दारं बसवत राहायचो.

पहिल्या दसऱ्याला कारखान्यात बायकामुलांनाही बोलावलं होतं. अमेरिकेहून मोठा साहेब आला होता. उंच, गोरा, बूट काढून नुसत्या मोज्यांवर उभा. हार घातलेली नवी गाडी समोर होती. नारळाचं ताट माझ्या बायकोच्या हातात होतं, तिनं नारळ त्याच्या हातात दिला. फोडायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला, जरा विचार केला, गाडीचं दार उघडलं, नारळ पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. कारखान्यात पहिल्या दिवसापासून हेच शिकवलेलं, पट्ट्याशिवाय गाडी हलणार नाही. आमच्या मॅनेजरला घाम फुटला. तेव्हा ही मोठ्यानं म्हणाली, "असू द्या हो. देवालाही पट्टा लागतोच."

कुणीतरी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग नारळाला गाडीतून आवारात एक फेरी मारून आणली आणि नंतरच फोडला. तेव्हापासून आमच्या घरात रीतच पडली. आधी स्कूटरवर, नारळ हिच्या ओढणीनं बांधून. पुढे मुलीनं इथे बोलावलं, तिनं ही गाडी घेतली, तेव्हापासून पट्टा लावून.

तो साहेब वर्षभरात बदलून गेला. दुसरा आला, तिसरा आला. मग तिकडे कंपनी बुडता बुडता वाचली म्हणे, आणि एक दिवस आमचा कारखानाही बंद झाला. त्याआधी एकदा मी घरी येऊन सांगितलं, पुन्हा वर बसलेला माणूस बदललाय. ही भाकरी थापत होती. म्हणाली, "एवढे साहेब येतात नि जातात. त्यांच्या घरचं सामान कोण बांधतं?" मला कधी सुचलं नव्हतं. आमचं प्रत्येक बिऱ्हाड हिनं बांधलं, इथे आणलेल्या पेट्यासुद्धा. आता हिच्या साड्या कपाटात आहेत आणि मला एकही घडी घालता येत नाही.

दुपारी सामोअन बाई आली. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, मुलीला मिठी मारली, माझ्यापुढे हात केला. किल्ली देववेना. मी म्हणालो, थांबा. आत जाऊन ओट्यावरचा नारळ आणला. चटणीसाठी म्हणून आणला होता, निदान मुलीला तसं सांगितलं होतं. ही बसायची त्या डाव्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. मुलगी माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

नारळाच्या बेटांवरून आलेल्या सामोअन बाईला नारळाचं काय नवल? ती हसली आणि विचारलं, हा पण माझ्याबरोबर येणार का? मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "माझी बायको असंच करायची." तिचं हसू थांबलं. ती डाव्या बाजूला गेली, वाकली, पट्टा ओढून घट्ट बसलाय का पाहिलं. मग मी किल्ली दिली.

गाडी कोपऱ्यावरून वळली. फुलं उडत गेली तिच्यामागे थोडी. ड्राइव्हवेवर गाडीच्या मापाची कोरी जागा राहिली, चारही बाजूंनी पिवळी. मी तिथेच पायरीवर बसलो. वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत त्या जागेतही फुलं पडायला लागली.