काठावरचा वाटा

मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर मी ते गोड शब्दांत गुंडाळीन.

पवना धरणात पाणी अडून दोन-तीन वर्षं झाली होती. धरणात आणि खालच्या नदीत चोरून मासे मारणाऱ्यांवर नजर ठेवायला सरकारने आम्हा दोघांना रखवालदार नेमलं होतं. मी तळेगावचा, मॅट्रिक पास, लोणावळ्याला स्टेशनजवळ खोली घेऊन राहणारा. माझा जोडीदार बेडशाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला, सातवीत शाळा सोडलेला. वहीत नोंदी मी करायचो, चिखलात तो उतरायचा आणि मला भाऊ म्हणायचा. ही विभागणी मला फार पसंत होती.

मग जपानी साहेब आला. चोरटी मासेमारी थांबवायला देशांनी एकमेकांना मदत करायची, असं वर कुठेतरी ठरलं होतं. साहेब महिनाभर आमच्यात राहणार आणि जाताना एकाची निवड करणार. निवडलेल्याला सहा महिने जपानात शिक्षण. जागा एकच. साहेब यायच्या आधीच मी ती माझी म्हणून घरी कळवून टाकलं होतं आणि आईने निम्म्या आळीला सांगितलं होतं.

साहेबाचं इंग्रजी बेताचंच, आणि माझं ऐकलं की तो डोळे मिटून घ्यायचा. जोडीदाराला तर येस-नोच्या पुढे काही येत नव्हतं. तरी आठ दिवसांत दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नका. हा पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बोट दाखवायचा, साहेब मान डोलवायचा. हा दगड उलटून खालची अंडी दाखवायचा, साहेब विजारीसकट पाण्यात बसकण मारायचा. मी काठावर छत्री धरून उभा. एके दिवशी साहेबाने आपला घडीचा चाकू काढून त्याला देऊन टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाकू मला हवा होता असं नाही. त्याला मिळायला नको होता.

महिना संपत आला होता. दुपारी आम्ही तिघे धरणाखालच्या डोहाकडे निघालो होतो, तेवढ्यात दणका झाला. पळत पोचलो तर डोहात मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि सात-आठ माणसं ते वेचत होती. धरणाच्या कामावरून पळवलेले सुरुंगाचे तोटे पाण्यात उडवले, की लहानमोठी सगळी मासळी एका दमात मरते. मी शिट्टी तोंडाला लावली. जोडीदाराने माझा हात खाली केला आणि तो त्यांच्यातल्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती.

"आबा, ऱ्हायल्यालं तोटं द्या माज्याकडं," तो म्हणाला. "तुमची बोटं गेली, आता नातवाची घालवायची हायती का? आन् ही बारकी पिल्लं मारली तर फुडल्या साली कालवण कशाचं करायचं?"

म्हाताऱ्याने दगडामागून फडक्यात बांधलेले पाच तोटे काढून याच्या हातात ठेवले. दोन वर्षांत आमच्या कचेरीला एक तोटा सापडला नव्हता.

मेलेले मासे कोण टाकून देतो? पळसाच्या पानांवर वाटे पडले. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका वाट्यावर बोट ठेवून "ह्यो कुणाचा?" विचारायचं. पाठमोरा न बघता ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. त्यात आमचेही तीन होते.

"आम्हाला कशाला?" मी म्हणालो.

"वाटं पडताना काठावर हाय त्याला वाटा," म्हातारा म्हणाला. "चोर असू दे न्हाईतर सायेब. न्हाई म्हनू ने."

साहेबाने पान दोन्ही हातांनी घेतलं आणि तो कमरेत वाकला. जोडीदाराने घेतलं. मीही घेतलं. माझ्या वाट्याला चांगली मरळ आली होती.

संध्याकाळी साहेबाने निवडीचा कागद दाखवला. त्यावर जोडीदाराचं नाव होतं. मी हसून "फार छान" म्हणालो. खोलीवर गेलो, मरळीचं कालवण केलं, पोटभर खाल्लं, हात धुतले आणि अर्ज लिहायला बसलो. 'माझ्या जोडीदाराने मासेचोरांना सोडून दिले व त्यांच्याकडून मासे स्वीकारले.' एकही शब्द खोटा नव्हता. साहेबाचा आणि माझा वाटा तेवढा मी लिहिला नाही.

साहेब मायदेशी गेल्यावर मी अर्ज टपालात टाकला. जोडीदाराचं नाव खोडलं गेलं आणि नोकरीही गेली. जपानला मी गेलो.

पहिल्या दिवशी साहेबाने वर्गाच्या दारात माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे पाहिलं. मी एकटाच होतो. वर्गात कुठल्या कुठल्या देशांतले रखवालदार होते. त्यांना साहेबाने त्या दिवशी डोहावर काढलेला एक फोटो दाखवला. गुडघाभर पाण्यात माझा जोडीदार, हातात तोट्यांचं ते फडकं. काठी नाही, शिट्टी नाही, मग याला हे कसं मिळालं, ते याचा मित्र सांगेल, असं म्हणून साहेब खाली बसला. मी सांगितलं. टाळ्या पडल्या. इतक्या लांब येऊनसुद्धा टाळ्या त्यालाच, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परत आलो तो बढती घेऊन. एका सकाळी त्या डोहावर गेलो. तीच माणसं मोठ्या भोकांचं जाळं ओढत होती. बारकी पिल्लं त्यातून निसटून जात होती. जोडीदार त्यांच्यातच होता, साहेबाच्या चाकूने पळसाची पानं कापत. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी निघून जायला हवं होतं. पण आपल्याला वगळतात का, हे मला बघायचं होतं.

वाटे पडले. या वेळी पाठमोरा तो उभा होता. दोन बोटांचा म्हातारा विचारत गेला, तो नावं घेत गेला. शेवटचा एक वाटा उरला.

"ह्यो कुणाचा?"

"काठावरच्या सायबाचा," तो म्हणाला.

मी पान दोन्ही हातांनी घेतलं. तो माझ्याकडे न बघता ओलं जाळं गुंडाळायला लागला. शेजारच्या माणसाला म्हणाला, "भाऊ, जरा टोक धर."

त्या माणसाने टोक धरलं. मला त्याचा हेवा वाटला.