भाभींना समजावण्याचं काम

सोनपेठच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की घरमालकांना अचानक आपले येणारे पाहुणे आठवायचे. शेवटी एका मुसलमान घरातली पुढची खोली मिळाली. घरात सासू आणि सून. मुलगा येलदरी धरणाच्या वीजघरात कामाला होता, सुट्टी मिळेल तसा यायचा. सासूला मी खाला म्हणायचे, सुनेला भाभी. भाभी माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. पण बाहेर निघायचं म्हटलं की अंगावर काळा बुरखा आणि तोंडावर नकाब.

आम्ही बौद्ध. मान खाली घालून चालायचं नाही, हे वडिलांनी मला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे भाभींचा झाकलेला चेहरा बघून मला त्यांची कीव यायची. हे सगळं खालाच करायला लावत असणार, असं मी धरून चालले होते.

एका सुट्टीत भाभींचा नवरा आला आणि माझ्या दारात उभा राहिला. त्याला वीजघराच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं. तिथं साहेबलोकांच्या बायका असतात, चारचौघांत मिसळावं लागतं, म्हणून भाभींनी बुरखा सोडून यावं असं त्याचं म्हणणं होतं. भाभी तयार नव्हत्या. "तुमी शिकलेल्या हात, बाई," तो म्हणाला, "तुमीच समजावा तिला."

खाला ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मुलाचं म्हणणं ऐकूनही त्या तांदूळच निवडत राहिल्या. माझा सगळा हिशेबच चुकला होता.

तरी मी भाभींना समजवायला बसले. उजेड, वारा, स्वातंत्र्य, सुचेल ते सगळं सांगितलं. त्यांनी निवांत ऐकून घेतलं. मग विचारलं, मी कधी घालून बघितलाय का. खालांचा बुरखा आणून त्यांनी माझ्या अंगावर चढवला आणि बाजाराच्या दिवशी मला बरोबर नेलं.

नकाबाच्या जाळीतून रस्ता तपकिरी दिसत होता. दोनदा ठेच लागली. नाकाशी स्वतःचाच श्वास गरम होऊन परत येत होता. गल्लीच्या तोंडाशी जो माणूस मी शाळेला जाताना रोज माझ्याकडे टक लावून बघायचा, त्याच्या अगदी समोरून गेले. त्यानं विडी पेटवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किराणा दुकानात तर वेगळंच झालं. तो दुकानदार मला ओळखायचा, माझी जातही ओळखायचा. एरवी पुडी फळीवर ठेवून बोटानं पुढं सरकवायचा. त्या दिवशी त्यानं "क्या होना, खाला?" म्हणून विचारलं आणि साखरेची पुडी सरळ माझ्या हातात दिली.

मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचा राग आला. दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मागून कुणीतरी मुसलमानांबद्दल काहीतरी घाण बोललं, ते आमच्या दोघींसाठी होतं. भाभी थांबल्या नाहीत, मीही थांबले नाही. घरी येऊन बुरखा काढला तेव्हा मी घामानं भिजले होते. भाभींनी कसं वाटलं विचारलं. मी बुरख्याची घडी घालत राहिले. त्यानंतर त्यांना समजवायचं मी सोडूनच दिलं.

नवऱ्याच्या हट्टापुढं शेवटी भाभीच नमल्या आणि येलदरीला गेल्या, बुरखा न घेता.

काही महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. भाभी कॉलनीच्या फाटकापर्यंत घ्यायला आल्या होत्या, फिकट निळ्या साडीत, डोक्यावर पदर, चेहरा उघडा. आता त्या एकट्या बाजारात जात होत्या, शेजारणीकडून शिवण शिकत होत्या. नवरा खूश होता. आम्ही धरणाकडे फिरायला गेलो. समोरून कुणी आलं की भाभी हसायच्या, माणूस पुढं गेला की हसू थांबायचं.

"चेहरा उघडा असला की त्याचं सारखं काहीतरी करत राहावं लागतंय," त्या म्हणाल्या. "तुमी दमत न्हाई का, बाई?"

मी कधी असा विचारच केला नव्हता. मग इथं आवडत नाही का, असं विचारलं. लय आवडतं, त्या म्हणाल्या, आणि तेही खोटं वाटलं नाही.

सोनपेठला परतले तेव्हा खाला वाटच बघत होत्या. सून कशी दिसायलीय, हे पहिलं विचारलं. चांगली दिसायलीय, मी म्हणाले. आणि इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं, की सुनेनं बुरखा सोडला याचं त्यांना वाईट वाटलं का.

 खाला आपल्या माहेरचं सांगायला लागल्या. त्यांचं माहेर राणीसावरगावाकडच्या एका वस्तीवरचं. तिथं त्या कुणब्यांच्या बायांबरोबर रोजानं खुरपायला जायच्या, डोक्याला फडकं बांधून. बुरखा फक्त मोठ्या घरच्या बायांच्या अंगावर दिसायचा.

"लगीन होऊन हितं आले, तवा मालकानं घेऊन दिला," त्या म्हणाल्या. "लय हौस होती मला. घालून पयल्यांदा भाईर पडले, तर वाटलं, आता मला कुणी कामाला बोलवणार न्हाई."

एवढं बोलून त्या उठल्या. भाजी आणायची होती. बुरखा अंगावर घेतला, नकाब खाली ओढला आणि पिशवी घेऊन निघाल्या. त्या गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते.