काजळाची तीट

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, बुधवार पेठेत झालं. यजमान उत्तरेत मोहिमेवर होते, त्यामुळे लढाईची हौस मी घरातच भागवून घेतली. शत्रू म्हणून निवडली, बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई.

सकाळी शनिवारवाड्यावरचा चौघडा झाला की ती यायची. पदर खोचून बसायची, पाय लांब करून बाळाला त्यांवर पालथं घालायची आणि पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गुलाम गुटगुटीत आहे हो!"

झालं! हिची दृष्ट लागणार, हे मी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती यायच्या आधीच मी बाळाला काजळाची तीट लावू लागले. गालावर, कपाळावर, तळपायावर. बाळ रडलं की एक तीट वाढायची, आणि बाळ तर रोजच रडायचं. माझी चलाखी तिला कळत नाही, अशी माझी खात्री होती.

ती मुकाट्यानं डाळीच्या पिठानं सगळं काजळ चोळून काढायची. एकदाच म्हणाली, "ताई, दृष्ट लागायला मूल दिसायला तर हवं."

सव्वा महिन्यानं तिचं येणं संपलं. त्या दिवशी मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा नीट वेणी घातली होती. निघताना तिनं मला निरखून पाहिलं, स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या कानामागे टेकवलं.

"आज छान दिसताय," ती म्हणाली. "उगाच माझी दृष्ट लागायची."